एकही शब्द खोटा नसलेलं पत्र

परवा व्हिडिओ कॉलवर तू मला तुझ्या नव्या कामाची जागा दाखवलीस. कॉलेज सांभाळून आठवड्यातले तीन दिवस एका बारमध्ये काम करतेस, हे तू जरा दबकतच सांगितलंस. मग जिना उतरून तळघरात गेलीस, बिअरची पिंपं दाखवलीस, भिंतीला साखळीने बांधलेले गॅसचे सिलिंडर दाखवलेस आणि हसून म्हणालीस, "आजी, हे बघ, गुडघ्याएवढ्या उंचीवर हे यंत्र लावलंय. काय विचित्र जागा ना?" मी नंतर बोलू म्हणून फोन ठेवला. तुझा बाबा मला सांगत होता, तुला वाटलं की आजीला बारमधलं काम पसंत पडलं नाही.

तसं नाही. ती जागा विचित्र नाही, त्या यंत्राची तीच जागा आहे. मामाआजोबांकडे आपण आता का जात नाही, हे तू दोनदा विचारलंस आणि मी दोनदा विषय बदलला. त्याचं उत्तरही इथेच आहे. तीस वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवताना मी सांगत आले की, प्रयोग जसा घडला त्याच क्रमाने लिहा, उत्तर माहीत आहे म्हणून आधीच लिहून टाकू नका. तसंच लिहिते आहे. तुझ्या भावाला मराठी वाचायला वेळ लागतो. त्याला तू वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

माझा धाकटा भाऊ, म्हणजे तुमचे मामाआजोबा, ऊस आणि म्हशींत वाढला. वडिलांनी मला इंग्रजी शाळेत घातलं, वसतिगृहात ठेवलं, आणि त्याला शेतावर ठेवून घेतलं. तो चारचौघांत म्हणायचा, "आमची आक्का इंग्रजीत शिकली आन् मी शेणात." लोक हसायचे. मीही हसायचे, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. त्याच्याकडे इंग्रजीतला कुठलाही कागद आला की तो तडक कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या फ्लॅटवर यायचा. मी चष्मा लावून वाचायचे, उत्तर लिहून द्यायचे, तो खाली सही करायचा. आमचं भावाबहिणीचं नातं बरंचसं त्या टेबलावरच टिकलं होतं.

आधी त्याचा साधा बिअर बार होता. मग त्याने कळंब्याच्या पुढे उताराची जमीन घेतली आणि तिथे स्वतःची बिअर बनवायचं ठरवलं. वर टेबलं, समोर तलाव, कोल्हापुरातली कॉलेजची पोरं आणि डॉक्टर मंडळी. तुम्ही आलात तेव्हा तिथेच बसून लिंबूसरबत प्यायलात. उताराच्या पोटात खोदून काढलेल्या खोलीत मोठ्या टाक्या होत्या. सात पायऱ्या उतरून जायचं. जमिनीतली खोली म्हणून गार राहते, विजेचा खर्च वाचतो, असं तो सगळ्यांना अभिमानाने सांगे. तिला सगळे 'खालची खोली' म्हणत.

त्या खोलीत काय चालतं हे तुला आता माहीत असेल, तरी लिहिते. जवाच्या गोड पाण्यात यीस्ट घातलं की ते साखर खातं, आणि दारूबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तोच वायू सिलिंडरमध्ये भरून आणतात आणि त्याच्या दाबाने बिअर नळाला चढवतात. सोड्याच्या बुडबुड्यात असतो तो हाच. मोकळ्यावर त्याचं कुणाला काही नाही. पण तो हवेपेक्षा जड. बंद आणि खोल जागा मिळाली की तो घंगाळात पाणी साठावं तसा तळापासून साठत वर येतो. दिसत नाही.

टाक्या बसवायला आलेल्या इंजिनिअरने म्हणूनच दोन गोष्टी केल्या होत्या. जमिनीलगतची हवा ओढून बाहेर फेकणारा पंखा बसवला, आणि गुडघ्याच्या उंचीवर वायू मोजणारं, बॅटरीवर चालणारं एक यंत्र लावलं. प्रमाण वाढलं की ते ओरडायला लागे. जाताना इंग्रजी सूचनांची दोन पानं देऊन गेला. भाऊ ती घेऊन माझ्याकडे आला. "आक्का, मराठीत करून दे. सरकारी मानूस बघायला येनार हाय."

मी एक अख्खी दुपार खर्च करून त्यांचं मराठी केलं. मला आठवतं, पहिलंच वाक्य असं होतं: 'कक्षातील कर्बद्विप्राणिद वायूची सांद्रता विहित मर्यादेहून अधिक झाल्यास प्रवेश निषिद्ध.' सुवाच्य टाइप करून, प्लास्टिकमध्ये घालून, मी स्वतः ती पानं खालच्या खोलीच्या दारावर लावायला गेले. किती नीटनेटकी दिसत होती!

खालची खोली सांभाळणारा माणूस तेव्हा तिथे होता. पंचेचाळिशीचा, बुटका, नेहमी बाह्या दुमडलेल्या. हुपरीजवळच्या एका गावचा. त्यांच्या घरी पूर्वी पैंजण करायचा छोटा कारखाना होता, पण बापाने तो दारूत घालवला. मग हा दुसऱ्यांच्या कारखान्यात चांदी पॉलिश करत राहिला आणि शेवटी भावाकडे लागला. त्याची बायको अजून घरी बसून पैंजणांना घुंगरू लावायचं काम करते. हा माणूस बिअर बनवायचा, पण त्याने ती कधी चाखली नव्हती. वास घ्यायचा, ग्लासात फेस किती वेळ टिकतो ते बघायचा आणि सांगायचा, झाली की नाही. भाऊ त्याला भटजी म्हणायचा. "एक घोट घेऊन बघ की, भटजी. पगारातनं कापत न्हाई."

तो म्हणायचा, "नगं मालक. माज्या वाटणीची बी बानं पिऊन ठेवलीया."

माझी पानं त्याने डोकं तिरकं करून बघितली. "बाई, हे कुनासाठी लिवलंय?"

"तुमच्यासाठीच की."

"मग मला कळंल असं लिवा की."

मी हसले आणि तोंडी समजावलं. वायू, जड, खाली साठतो, डोकं दुखतं, धाप लागते, माणूस पडतो. त्याने मान हलवली. "म्हंजे झणका. सोडा पिताना नाकात जातो बगा, तसा. पंखा बंद असला की खालच्या पायरीवरच कळतंय." त्याला सगळं माहीत होतं, फक्त माझे शब्द माहीत नव्हते. मी म्हटलं, नव्याने सोपं लिहून आणते. आणलं नाही. प्लास्टिकमध्ये घातलेलं होतं, चांगलं दिसत होतं, राहून गेलं.

आता खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात हे तुम्ही पाहिलंय. त्या वर्षी भावाने सगळ्यांना बोलावलं होतं. टाक्यांना झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना ऊस, नळांना हळदीकुंकू. मोठ्या टाकीपुढे जमिनीवर पाट मांडून त्यावर निरांजन ठेवलं. पंख्याच्या वाऱ्याने ज्योत फडफडायला लागली.

"पंखा बंद करा रे," भाऊ म्हणाला. "दिवा ऱ्हाईना."

पंखा बंद झाला. टाक्या दसऱ्याच्या गर्दीसाठी काठोकाठ भरलेल्या, आंबवण जोरात चाललेलं. आम्ही दहा-बारा माणसं पायऱ्यांवर आणि दारात. गुरुजींचे मंत्र लांबले. मग निरांजन विझलं. भावजयीने पुन्हा लावलं. पुन्हा विझलं, वारा नसताना. उदबत्तीचा धूर सरळ वर न जाता पाटाच्या जरा वर आडवा पसरला होता, चादर अंथरल्यासारखा. आणि तेवढ्यात भिंतीवरचं यंत्र ओरडायला लागलं.

'मुलींनो आणि मुलांनो, बघा,' म्हणत मी तीस वर्षं वर्गात हाच प्रयोग करून दाखवला होता. काचेच्या भांड्यात उंच-बुटक्या मेणबत्त्या लावायच्या आणि वरून तो वायू ओतायचा. आधी बुटकी विझते. मी म्हणाले, "अरे, हा तर माझा अकरावीचा प्रयोग झाला."

भाऊ मोठ्याने म्हणाला, "आक्का, आज पूजा हाय. वर्ग उद्या घे." सगळे हसले. भावजय हसली नाही. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. पूजेतला दिवा दोनदा विझलेला, आणि त्यावर बोलणारी कोण, तर नवरा गेलेली नणंद. तिच्या मनात आलं ते माझ्याही मनात आलं. मी इंग्रजीत शिकलेली, विज्ञान शिकवलेली बाई, पण त्या क्षणी अपशकुनी ठरायला घाबरले आणि गप्प बसले.

"ते आदी गप करा," भाऊ त्या यंत्राकडे हात करून म्हणाला. खालची खोली सांभाळणाऱ्या त्या माणसाने यंत्र आकड्यावरून काढलं आणि वर, देवाच्या तसबिरीशेजारच्या खिळ्याला अडकवलं. ते गप्प झालं. निरांजन पाटावरून उचलून एका उंच स्टुलावर ठेवलं. तेही नीट तेवायला लागलं. "आता कसं," गुरुजी म्हणाले, आणि आरती झाली.

निघताना माझं डोकं जड झालं होतं. मी त्या माणसाला म्हटलं, "ते यंत्र परत खाली लावा हं."

"व्हय बाई. पंखा चालू करतो, मंग लावतो."

पंखा त्याने लगेच चालू केला. यंत्र वरच राहिलं. खाली असताना रोज फरशी धुताना त्यावर पाणी उडायचं आणि ते उगाच बोंबलायचं, त्यामुळे वर बरं आहे असं सगळ्यांनाच वाटलं. हे मला नंतर कळलं. मी त्यानंतर विचारलंही नव्हतं.

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधीची गोष्ट. सकाळपासून लाइनच्या कामासाठी त्या भागातली वीज गेली होती. वर जनरेटरवर फ्रिज आणि दिवे चालू होते, खालचा पंखा जनरेटरला जोडलेलाच नव्हता. भर दुपारी वरच्या नळाला बिअर येईना, गिऱ्हाइकं खोळंबली, म्हणून झणका कळला असेल तरी तो माणूस बघायला खाली उतरला. पाइप जोडावरून निघाला होता. तो बसवायला तो खाली वाकला. वाकला म्हणजे तोंड कुठे गेलं, हे तुला मी सांगायला नको.

बऱ्याच वेळाने वरच्या एका वेटरने दारातून हाक मारली, मग त्याला पडलेला बघून धावत खाली गेला, आणि चार पावलांत माघारी फिरून पायऱ्यांवर कोसळला. त्याला हाताने ओढून बाहेर काढलं म्हणून तो वाचला. खालच्याला बाहेर काढेपर्यंत फार वेळ गेला होता. तसबिरीशेजारचं यंत्र शेवटपर्यंत गप्प होतं.

इथे थांबून तुला सांगते, कारण तू त्याच कामात आहेस. तुमच्या तळघरातलं यंत्र ओरडलं तर ते का ओरडतंय याचा विचार करत तिथे उभी राहू नकोस, आधी बाहेर ये. आत कुणी पडलेलं दिसलं तर त्याच्यामागे जाऊ नकोस. हे ऐकायला निर्दय वाटतं, पण मागून गेलेली माणसंच जास्त मरतात. दार सताड उघड, ओरड, अग्निशमनवाल्यांना बोलाव, ते हवेची नळकांडी पाठीला लावून येतात. डोकं दुखायला लागलं, धाप लागली, तर 'झोप कमी झाली असेल' म्हणू नकोस. आणि पंखा बंद दिसला तर कुणीही सांगितलं तरी खाली उतरू नकोस. मालकाने सांगितलं तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ माझ्याकडे आला. रात्रभर झोपला नव्हता, दाढी वाढलेली होती. मी पोहे केले, त्याने दोन घास खाल्ले. मग पिशवीतून कागद काढला. चौकशी करणाऱ्या कार्यालयाला घटनेचा लेखी अहवाल लगेच द्यायचा होता, विमा कंपनीलाही, आणि तो इंग्रजीत हवा होता. त्याने मॅनेजरकडून कच्चा मसुदा करून आणला होता. त्यात मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की, तो दारू प्यायलेला होता आणि पडला.

"तू त्याला पिताना पाहिलंस?" मी विचारलं.

"पाहिलं न्हाय. पर कपड्याला वास केवढा हुता, आक्का! समदी कापडं भिजलेली. डॉक्टर बी नाकाला रुमाल लावत हुता."

पाइप निसटला होता. बिअर फरशीवर वाहत होती आणि तो तीत पडला होता. हे मला त्याच क्षणी कळलं. वाटणीची बापाने पिऊन ठेवल्याचं वाक्यही मला आठवलं. खिळ्यावरचं यंत्रही आठवलं. पण समोर माझा भाऊ बसला होता, लहानपणी ताप आला की माझ्याच मांडीवर झोपणारा. मी चष्मा लावला.

'तो प्यायलेला होता' हे मी खोडलं. ते आपल्याला माहीत नव्हतं आणि मी माहीत नसलेलं लिहीत नाही. त्याऐवजी मी लिहिलं की, मृताच्या अंगाला व कपड्यांना मद्याचा वास येत असल्याचं उपस्थितांच्या लक्षात आलं. पुढे लिहिलं की, खोलीत वायू मोजणारं यंत्र बसवलेलं होतं आणि मराठीत सूचना लावलेल्या होत्या. पत्रात एकही शब्द खोटा नव्हता. मी ते दोनदा तपासलं, एक स्वल्पविराम हलवला. इतकं सुबक पत्र मी बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं. भावाने सही केली, माझ्या पाया पडला आणि गेला.

तिसऱ्या दिवशी त्या गेलेल्या माणसाच्या गावी, नदीच्या काठावर रक्षाविसर्जन होतं. मी भावाच्या गाडीतून गेले. अशा वेळी मेलेल्या माणसाला जे आवडायचं ते पानावर मांडतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. चहा होता, भजी होती, शेंगदाण्याचा लाडू होता. आणि पानाच्या शेजारी, वाळूत नीट उभी केलेली, बिअरची बाटली होती.

त्याची बायको पदर दाताखाली धरून बसली होती. तिला आधी ती दिसली नसावी. दिसली तेव्हा तिने पदर सोडला. "ही कुनी ठिवली?"

तिचा चुलत दीर म्हणाला, "मी ठिवली, वैनी. शेवटचं हाय. मानसाला आवडायचं त्ये द्यावं."

"त्येंनी जल्मात घोट घेतला न्हाई."

"आता झाकून काय उपेग? पेपरात आलंय की. मालकानं लिवून दिलंय, दारूचा वास हुता म्हणून."

मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "बारातला मानूस आन् कोरडा? कावळा बी हसंल."

कावळे समोरच्या बाभळीवर बसले होते. एकही खाली येत नव्हता. बराच वेळ झाला. मग एक म्हातारा वैतागून बोलला, "अरं, टोपन काढा बाटलीचं. बंद बाटलीला कावळा कसा शिवंल?" दोघेतिघे हसले. माणसं वाईट नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं की मेलेल्याचा जीव बाटलीत अडकलाय.

ती बाई उठली. बाटली उचलून चालत आली आणि भावाच्या पायापाशी ठेवली. "मालक, तुमची हाय. घिऊन जावा." आवाज चढवला नाही. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "माजी पोरगी धावीला हाय. तिला आता शाळेत पोरी काय म्हनतील, त्ये सांगा." कावळा शिवला की नाही, मी पाहिलं नाही. पेपरातलं ते वाक्य मी मराठीत भाषांतर केल्यासारखं मला ओळखू येत होतं. ते माझंच होतं.

परत येताना मी गाडी कळंब्याकडे घ्यायला लावली. खालच्या खोलीला पोलिसांनी लावलेलं सील अजून काढलेलं नव्हतं, पण दाराला जाळी होती. जाळीतून यंत्र दिसत होतं, तसबिरीशेजारी, वाळलेल्या झेंडूच्या माळेत. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. भाऊ मागे येऊन उभा राहिला.

"काय करायलीयास, आक्का?"

"ते खाली लावायला हवं होतं. मी तुला सांगायला हवं होतं. मी आता तसं लिहून देणार आहे."

"लिवलंयस की तू. सही माजी, शबूद तुजे."

"म्हणूनच. पहिल्यात चूक आहे असं मलाच लिहायला हवं."

तो आधी हसला, मग चिडला, मग रडला. पहिल्या पत्रात काय खोटं आहे ते दाखव, म्हणाला. मला दाखवता आलं नाही. परवाना जाईल, वीस-बावीस घरं त्यावर चालतात, त्यांचं काय, म्हणाला. "तू लिवलंस तर त्यो माघारी येनार हाय व्हय?"

"तो नाही येणार. त्याचं नाव येईल."

"आन् माजं जाईल." त्याने गाडीचं दार उघडलं. "तुला शिकवायला बानं मला शेतात ठिवला. आज फेडलंस बघ, आक्का."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ते मला आजही बोचतं. तरी मी घरी येऊन लिहिलं, इंग्रजीत आणि मराठीत. निरांजन विझलं, पंखा बंद केला, यंत्र वर गेलं, मला समजलं होतं आणि मी बोलले नाही, कपड्यांना वास का येत होता, आणि पहिलं पत्र मीच लिहिलं होतं. स्वतः जाऊन कार्यालयात दिलं आणि पोच घेतली. भाऊबीजेला भाऊ आला नाही. मीही ताट केलं नव्हतं.

काही महिन्यांनी रासायनिक तपासणीचा अहवाल आला. त्याच्या रक्तात दारूचा अंश नव्हता. ती बातमी पेपरात आली नाही. बार आता पुन्हा सुरू आहे. यंत्र गुडघ्याच्या उंचीवर आहे, पंखा जनरेटरला जोडलाय, आणि दारावर मोठ्या ठळक अक्षरांत सूचना आहे, पुण्याहून करून आणलेली. सगळं नियमाप्रमाणे आहे. चौकशी अजून चालू आहे असं म्हणतात.

पण तो अहवाल यायच्या आधी, दिवाळी संपता संपता, मी दुसऱ्या पत्राची प्रत घेऊन त्या बाईकडे गेले होते. तिने कागद हातात धरला नाही. "मला वाचून काय करायचं, बाई? दारात उभ्या ऱ्हावा आन् मोठ्यानं वाचा. समद्यांम्होरं."

तिने स्वतः शेजाऱ्यांना हाका मारल्या. चुलत दीर आला, नदीवरचा म्हातारा आला, काही बायका घुंगरांचं काम मांडीवर घेऊनच आल्या. तिची मुलगी उंबऱ्यात उभी होती. मी वाचलं. या वेळी मी सोपं लिहिलं होतं. 'ते प्यायलेले नव्हते. खोलीत झणका साठला होता. पाइप सुटल्यामुळे बिअर त्यांच्या कपड्यांवर सांडली.' पुढे माझ्याबद्दल लिहिलेलंही सगळं वाचलं.

मी कागदाची घडी घातली. मग चुलत दीर म्हणाला, "आता तुमी म्हनताय म्हंजे असंलच."

म्हातारा म्हणाला, "पर पयलं बी तुमीच लिवलं हुतं न्हवं?"

"हो."

"मंग खरं कंचं धरायचं?"

एक बाई हसली. मी म्हटलं, "हे." माझा आवाज वर्गात चढायचा तसा चढला होता. लोक हळूहळू उठून गेले. जाताना म्हातारा मुलीच्या डोक्यावर हात ठेवून गेला, तेवढंच मी चांगलं म्हणून धरलं.

ती बाई चहा घेऊन आली. आम्ही दोघी भिंतीला टेकून बसलो. तिच्या नखांत चांदीची काळी पूड होती. मी कप तोंडाला लावला तेव्हा ती म्हणाली, "बाई, एक इच्यारू?"

"विचारा."

"पयलं लिवायच्या आदी मला का न्हाई फोन केला? तुमच्याकडं नंबर हुता. खंडेनवमीला, पैंजण करायचं म्हणून, त्येंनी तुमच्या वहीत लिवून दिल्ता."

नंबर होता. 'ह' च्या पानावर, हुपरी म्हणून, त्याच्याच अक्षरात. मी भावाला पोहे देताना ती वही हाताशीच पडलेली होती.

"सुचलं नाही," मी म्हणाले.

"सुचलं न्हाई कसं? तुमी एवढ्या शिकलेल्या." ती रागाने बोलत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. "एक फोन. 'तुजा नवरा पितो का गं?' एवढंच इच्यारायचं हुतं. मी घरातच हुते."

मी कप खाली ठेवला. ती घुंगरांची परात ओढून कामाला लागली.